किशोरवयीन मेंदू आणि पालकांची सोबत

मुलाला अभ्यासाला बसवताना आपल्या घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘बाबासाहेबांकडे बघ आणि स्वतःकडे बघ.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु ज्या वयाच्या मुलाला हे ऐकवले जाते, त्या वयात बाबासाहेब स्वतः कसे होते, हे आपण क्वचितच सांगतो. ते सांगितले पाहिजे, असे आम्हांस इतिहासाचे शिक्षक म्हणून वाटते.

चरित्रकारांनी नोंदवलेला साताऱ्याचा एक प्रसंग आहे. आईच्या निधनानंतर वडिलांनी केलेला दुसरा विवाह लहानग्या भीमरावांना रुचला नव्हता. घर सोडून मुंबईला जावे, गिरणीत काम करावे, असे त्यांनी मनाशी ठरवले. गाडीभाड्यासाठी आत्या मीराबाई यांच्या कमरेची पैशाची पिशवी काढून घेण्याचा बेत केला. तीन रात्री तो फसला. चौथ्या रात्री पिशवी हाती आली, तर तिच्यात अवघा अर्धा आणा ! तेथेच त्यांनी तो विचार टाकला आणि भरपूर शिकून आपल्या पायावर उभे राहण्याचा निश्चय केला.

या प्रसंगाने बाबासाहेबांचे मोठेपण उणे होत नाही. उलट, संताप, अविचार आणि निश्चय या तिन्ही गोष्टी एकाच कोवळ्या मनात कशा नांदतात, हे त्यातून कळते. आजचे मेंदूविज्ञानही हेच सांगते. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे ९० टक्के होतो. म्हणून वाढ संपली असे आपण समजतो. प्रत्यक्षात आतली जुळणी पुढे कितीतरी वर्षे चालू असते. न वापरलेल्या जोडण्या गळून पडतात, वापरातल्या बळकट होतात. राग, भीती, आनंद जागवणारी केंद्रे वयात येताना प्रबळ होतात. परंतु परिणामांचा विचार करून मनाला आवर घालणारा कपाळामागील भाग पंचविशीच्या आसपास परिपक्व होतो. बैल तरणे आणि कासरा अजून कच्चा, अशी ही अवस्था असते. त्यातच या वयात बरोबरीच्या मुलांचे मत आईबापांच्या मतापेक्षा जड वाटू लागते. चारचौघांत झालेला अपमान म्हणूनच खोल रुततो.

मग कासरा कोणी धरायचा ? सुभेदार रामजीबाबांनी तो कसा धरला, ते पाहू. मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत अख्खे कुटुंब राहत असे. भीमराव लवकर झोपत. रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागून मुलाला अभ्यासासाठी उठवीत आणि मग स्वतः आडवे होत. पुस्तकांसाठी पैसे नसले, तर विवाहित लेकींकडून दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवीत. ही केवळ शिस्त नव्हती, ती सोबत होती. घराबाहेर केळुसकर गुरुजी भेटले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाची त्यांनी आपुलकीने चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या भेटीचे मोल आपणांस सांगावयास नको.

तथागतांनी राहुलाला दिलेला उपदेशही पालकांनी अभ्यासावा असा आहे. आरसा जसा पाहण्यासाठी, तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तपासावे. यातून स्वतःचे वा दुसऱ्याचे अहित होते का, हे स्वतःला विचारावे, असे त्यांनी समजावले. मुलाला विचार करण्याची सवय लावणे म्हणजे त्याच्या मेंदूतील आवर घालणाऱ्या जोडण्या बळकट करणेच होय.

आंजी (मोठी) आणि परिसरातील आपले बहुतेक पालक शेतीवर, मजुरीवर राबतात. कापूस वेचणीच्या दिवसांत वसतिगृहातल्या मुलाला भेटायला येणेही त्यांना कठीण जाते. तरीही काही गोष्टी पैशाशिवाय होण्यासारख्या आहेत. फोनवर प्रथम गुण विचारू नयेत. जेवलास का, मित्र कोण, मनात काय आहे, हे विचारावे. चूक झाली तर एकांतात बोलावे आणि बोलताना चुकीबद्दल बोलावे, मुलाच्या लायकीबद्दल नव्हे. सुटीत मुलगा घरी आला की घरखर्चाचा हिशेब त्याच्यासमोर मांडावा, लहानसहान निर्णय त्याच्यावर सोपवावेत. या वयात झोप उशिरा लागते, तरी आठ ते दहा तास झोप मेंदूला हवीच; म्हणून रात्री मोबाईल दूर ठेवावा आणि आईवडिलांनीही तो ठेवावा. मुलीलाही हीच मोकळीक आणि हाच विश्वास द्यावा. मूल अबोल झाले, जेवण-झोप उडाली, जगण्याबद्दल निराश बोलू लागले, तर ‘नाटक’ म्हणून झटकू नये. शिक्षकांना सांगावे, डॉक्टरांना दाखवावे. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आपल्या माजी विद्यार्थ्यांनीही वर्षातून एकदा वसतिगृहात येऊन एखाद्या मुलाशी केळुसकर गुरुजींच्या आपुलकीने बोलावे. आपण मुलांपुढे बाबासाहेबांचा आदर्श ठेवतो, तो ठेवलाच पाहिजे. मात्र त्याआधी आपण आपल्यापुढे रामजीबाबांचा आदर्श ठेवावा, एवढीच आमची विनंती.

जयभीम ! नमो बुद्धाय !