पाण्यातून वाचलं, घाईत गेलं

वाराणसीचा शिंदे घाट मणिकर्णिकेला लागूनच आहे. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी तो १८३० च्या सुमारास बांधवला. बायजाबाईंचं माहेर कोल्हापूरजवळच्या कागलचं, घाटग्यांचं. म्हणूनच कोल्हापूरहून काशीयात्रेला निघालेल्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी या घाटासाठी अख्खी संध्याकाळ राखून ठेवली होती. कागलच्या लेकीचं काम डोळे भरून बघायचं आणि काठावर कलंडलेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ कॅमेऱ्यात धरायचं, असा बेत. या देवळाच्या गाभाऱ्यात वर्षातला बराच काळ पाणी असतं.

ऐन उजेडाच्या वेळी कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं. सरांनी पायरीवर उभ्याउभ्याच ते बदलायला घेतलं. बोटं ओली होती, कार्ड सुटलं, दोन पायऱ्या टप्पे खात गंगेत गेलं. काठाशी पाणी गुडघाभरच होतं. एका नावाड्याने चाचपून ते काढून दिलं. सर ते तिथेच कॅमेऱ्यात घालून बघणार होते. सोबत असलेल्या त्यांच्या पत्नींनी ते हातातून काढून घेतलं. “आज त्याला हात लावायचा नाही,” एवढंच म्हणाल्या.

त्यांनी कार्ड वाचवलं ते या एका वाक्याने. एसडी कार्ड म्हणजे २.१ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा तुकडा. आतली चिप बंदिस्त असते आणि पाण्याने पुसलं जाईल असं तिच्यात काही नसतं. धोका असतो तो ओल्या कार्डात वीज गेली तर. मग शॉर्ट सर्किट होतं आणि चिप कायमची जाते. नदीच्या पाण्यात गाळही असतो. तो मागच्या बाजूच्या सोनेरी पट्ट्यांवर वाळला तर पुढे संपर्क नीट होत नाही. म्हणून आधी स्वच्छ पाण्याने कार्ड हलकेच धुवायचं, मऊ सुती कापडाने टिपायचं आणि सावलीत, हवेशीर जागी निदान दिवसभर ठेवायचं. हेअर ड्रायर नको, तापल्या दगडावर वाळवणं नको. तांदळाच्या डब्यात पुरायची युक्ती घरोघर चालते, पण तांदूळ उघड्या हवेहून जास्त काही करत नाही, वर पिठाची भुकटी चिकटते ती वेगळीच. लॉजच्या खिडकीत वाळलेलं कार्ड दुसऱ्या संध्याकाळी चाललं. सगळे फोटो जागच्या जागी.

खरा घोटाळा त्यानंतर झाला.

कार्ड मोकळं करायचं म्हणून सर एका फोटोच्या दुकानात गेले. दुकानदाराने फोटो पेन ड्राइव्हवर घ्यायला लावले, पडद्यावरची हिरवी पट्टी शेवटाला टेकताच ड्राइव्ह उपटून हातात दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. पट्टी संपली म्हणजे लिहिणं संपलं असं नसतं. संगणक बराच मजकूर आधी आपल्या स्मृतीत घेतो आणि मागाहून सवडीने ड्राइव्हवर उतरवतो. विंडोज १० च्या २०१८ मधल्या एका सुधारणेपासून बाहेरून जोडलेल्या साधनांसाठी ही उधारी मुळातच कमी केलेली आहे. पण दुकानातल्या संगणकात काय आहे हे गिऱ्हाइकाला कुठून कळणार? ‘इजेक्ट’वर क्लिक करून ‘आता काढू शकता’ असा निरोप येईपर्यंत थांबणं यालाच खात्री म्हणायची. त्याला बहुधा थोडाच वेळ लागतो.

पेन ड्राइव्ह तिथेच उघडून बघायचं कुणाला सुचलं नाही. फोटो उतरले या समजुतीने सरांनी कॅमेऱ्यातलं कार्ड पुसलं आणि दुसऱ्या दिवशी त्यावरच सारनाथ टिपलं. कोल्हापुरात आल्यावर पेन ड्राइव्ह लावला, तर संगणक म्हणाला, वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल. सरांनी होकार दिला.

असा प्रश्न आला की नाही म्हणावं आणि साधन काढून ठेवावं. बहुतेक वेळा बिघडलेली असते ती अनुक्रमणिका, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची नोंद. फोटो आत तसेच असतात. कॅमेऱ्यात पुसलेल्या कार्डाचंही तेच. पुसणं म्हणजे बहुधा ‘ही जागा मोकळी’ एवढी खूण. त्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं, की जुनं संपतं. सारनाथने नेमकं तेच केलं होतं. सरांच्या भाच्याने ‘फोटोरेक’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. ते अनुक्रमणिकेकडे बघतच नाही, प्रत्येक फोटोच्या सुरुवातीची ठरावीक खूण शोधत जातं. त्यातून घाटाचे थोडे फोटो आले, फाइलींची मूळ नावं गेली, रत्नेश्वराचे बरेचसे सारनाथच्या स्तूपाखाली गाडले गेले. सापडलेलं नेहमी दुसऱ्या डिस्कवर उतरवावं, हे भाच्याला ठाऊक होतं म्हणून तेवढं तरी हाती लागलं.

आता ओळखीतलं कुणी काशीला निघालं की सर त्याला बसवून घेतात. कार्ड बदलायचं ते बसून, मांडीवर रुमाल पसरून. मणिकर्णिकेवरच्या चितांची राख वाऱ्यावर येते, तिच्यात कॅमेऱ्याचं झाकण उघडं ठेवायचं नाही. (चितांवर कॅमेरा रोखायचा नाही, हेही ते बजावतात. त्याचा कार्डाशी संबंध नाही, पण सरच ते.) कार्ड परक्या संगणकात देण्याआधी त्याच्या कडेचं चिमुकलं कुलूप खाली सरकवायचं. त्याने वाचक यंत्राला फक्त ‘लिहू नको’ असं सांगितलं जातं, तरी बहुतेक यंत्रं ते ऐकतात आणि दुकानातला व्हायरस कार्डावर चढत नाही. पेन ड्राइव्हला सहसा तीही सोय नसते. आणि घरी पोचेपर्यंत कार्ड पुसायचं नाही. दुसरं विकत घ्यायचं.

पेन ड्राइव्ह कपाटात टाकून निर्धास्त होणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग आहे. तो रास्तही आहे. फ्लॅश चिपमधला मजकूर म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार, तो हळूहळू झिरपतो आणि उन्हाळ्यात जास्तच झिरपतो. लेखनाची मर्यादा गाठलेल्या घरगुती एसएसडीने, म्हणजे अशाच फ्लॅश चिपच्या डिस्कने, वीज नसताना ३० अंश सेल्सिअसला वर्षभर मजकूर टिकवावा, एवढीच ‘जेडेक’ या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. नवी चिप पुष्कळ जास्त टिकते, पण स्वस्तातला पेन ड्राइव्ह किती झिजलाय ते बाहेरून दिसत नाही.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला हिशेब सर आता पाळतात. प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, एक प्रत घराबाहेर. बाहेरची प्रत नागपूरला लेकीकडच्या हार्ड डिस्कवर असते. दिवाळीला गेले की सर ती जोडतात आणि मधले मधले फोटो पूर्ण आकारात उघडतात. लघुचित्रांवर ते विसंबत नाहीत, कारण अर्धवट उतरलेल्या फोटोचंही लघुचित्र कित्येकदा धडधाकट दिसतं आणि उघडल्यावर खालचा अर्धा भाग करडा निघतो.