सॉफ्टवेअर बनवून घेताना मागणी केव्हा पक्की करावी?

दुकानाचा हिशेब, मालाचा साठा, गिऱ्हाइकांची उधारी यासाठी आपले काही व्यापारी बंधू स्वतःचे सॉफ्टवेअर बनवून घेतात. पुष्कळदा पैसा जातो आणि हाती आलेली वस्तू कामाची नसते. दरवेळी दोष बनवणाऱ्याचाच असतो असे नाही. आपली मागणी आपण केव्हा व कशी पक्की केली, यावरही बरेच अवलंबून असते. याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली 'वॉटरफॉल', म्हणजे धबधबा. यात सर्व मागण्या सुरुवातीलाच लिहून त्यावर सह्या होतात. मग आराखडा, मग प्रोग्राम, मग तपासणी. नंतर बदल हवा असेल तर खर्च वेगळा. विन्स्टन रॉइस या अमेरिकन तज्ज्ञाने 1970 साली अशा पायऱ्या मांडल्या. पण दोष शेवटच्या तपासणीत सापडला तर बरेच काम पुन्हा करावे लागते, असा इशाराही त्याच लेखात दिला.

दुसरी 'अजाईल', म्हणजे चपळ. 2001 साली अमेरिकेतील युटा राज्यात 17 जाणकारांनी तिचा जाहीरनामा तयार केला. यातही मागण्यांची यादी असते, पण ती खुली राहते. सर्वांत निकडीची मागणी सर्वांत वर. दोन-चार आठवड्यांत तेवढा भाग चालू करून दाखवतात. गिऱ्हाईक तो पाहून यादीत फेरफार करते. चांगला शिंपी शेरवानीची आधी कच्ची शिलाई करून ती अंगावर पाहतो, तसेच हे.

अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपास खात्याचा अनुभव पाहा. गुन्ह्यांच्या फायली संगणकावर नेण्याचे त्यांचे काम 2005 मध्ये सोडून द्यावे लागले. सुमारे 17 कोटी डॉलरचा तो प्रकल्प होता. मागण्या नीट ठरल्या नव्हत्या आणि वरचेवर बदलत राहिल्या. 2006 मध्ये 'सेंटिनल' नावाने नवे काम सुरू झाले, तेही रखडले. 2010 मध्ये खात्याने ते स्वतःकडे घेतले, अजाईल पद्धतीने दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडले आणि 2012 मध्ये ते वापरात आणले.

आपल्या धंद्यातही मागणी बदलते. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांवरील 5 टक्के जी.एस.टी.ची मर्यादा नगामागे 1000 रुपयांवरून 2500 रुपये झाली आणि त्यावरील मालाचा दर 12 वरून 18 टक्के झाला. त्याआधीच्या दरांवर सही करून बसलेल्याला बिलाचा प्रोग्राम पुन्हा बदलावाच लागला.

मात्र अजाईल म्हणजे तोंडी व्यवहार नव्हे. यादी खुली राहिली तर खर्चही खुला राहतो. म्हणून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात:

1. प्रत्येक टप्प्याची रक्कम व मुदत.
2. टप्पा 'पुरा झाला' केव्हा म्हणायचे. उदाहरणार्थ, मालाच्या परतीची नोंद करताच साठा आणि उधारी दोन्ही आपोआप दुरुस्त झाली पाहिजेत.
3. काम मध्येच थांबले तर तोवरचा प्रोग्राम कोणाचा.

ज्या कामात काहीच बदलणार नाही, तिथे वॉटरफॉल आजही चांगली. पण अजाईल निवडली, तर दर टप्प्याला मालकाने किंवा रोज बिले फाडणाऱ्या मुनीमजींनी स्वतः बसून काम पाहिले पाहिजे. तेवढी सवड नसेल, तर ही पद्धतही पैसे वाचवणार नाही.