वाचनासाठी वेळ : आईवडिलांसाठी एक पाठ

प्रथम वाचावे : प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०



"वाचायची आवड आहे हो, पण वेळच मिळत नाही." हे वाक्य आपण सगळेच कधी ना कधी बोलतो, आणि ते खोटे नसते. सकाळी डबे, मुलांची शाळा, नंतर नोकरी, दुकान किंवा बंदरावरचे काम. संध्याकाळी बाजारहाट, गृहपाठ, स्वयंपाक, भांडी. रात्रीची जपमाळ संपेपर्यंत डोळे मिटू लागतात. मग पुस्तक हातात घ्यायचे कधी? आजच्या पाठात आपण या प्रश्नाचा विचार करू या.

वर दिलेल्या उताऱ्यातील इथिओपियाचा अधिकारी रिकामटेकडा नव्हता. राणीचा सगळा खजिना त्याच्या ताब्यात होता. यरुशलेमेहून परतताना तो रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत होता. त्याच्याकडून आपल्याला तीन गोष्टी शिकता येतात.

पहिली, त्याने प्रवासातला वेळ वापरला. सवड मिळेल तेव्हा वाचू, असे तो म्हणाला नाही. दुसरी, तो मोठ्याने वाचत होता, म्हणून तर फिलिपला ते ऐकू आले. मोठ्याने केलेले वाचन एकट्याचे राहत नाही, जवळच्या माणसाला ते ओढून घेते. तिसरी, समजत नाही हे सांगायला तो लाजला नाही. कोणी समजावून सांगितल्याशिवाय कसे कळणार, असे त्याने सरळ विचारले आणि फिलिपला शेजारी बसवून घेतले. त्या वाचनाचा शेवट बाप्तिस्म्यात झाला.

आता आपल्या घराकडे पाहू. मुले आपले सांगणे कमी ऐकतात आणि आपले वागणे जास्त पाहतात. आईवडिलांच्या हातात रोज मोबाईलच दिसत असेल, तर "पुस्तक घेऊन बस" या आज्ञेला किती वजन राहील? शिवाय मुले मोठी झाली की कठीण प्रश्न विचारतात. देव आहे तर दुःख का? आपण मिस्साला का जातो? शेजारच्या घरातली पूजा आणि आपली प्रार्थना यांत फरक काय? आपण स्वतः काही वाचले नसेल, तर "गप्प बस, असे विचारू नये" एवढेच उत्तर आपल्यापाशी उरते. मूल मग विचारणे सोडून देते, आणि हे नुकसान परीक्षेतल्या गुणांपेक्षा मोठे आहे.

कोणी म्हणेल, आमचे शिक्षण कमी. त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांना आठवावे. त्यांचे पती, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक, यांचा जन्म १८६१ साली आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. हे कुटुंब प्रोटेस्टंट पंथाचे, परंतु मराठी बोलणाऱ्या सर्वच ख्रिस्ती जनांना त्यांचा अभिमान वाटतो. लक्ष्मीबाईंचे लग्न बालवयात झाले. शाळा त्यांना लाभली नाही, त्या पतीकडून लिहायला-वाचायला शिकल्या. गरिबी, स्थलांतरे आणि मुलेबाळे सांभाळीत त्यांनी ती अक्षरे सोडली नाहीत. टिळकांचे १९१९ साली निधन झाल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती. आज मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

यातून घरातल्या पुरुषांनीही एक गोष्ट घ्यावी. पत्नीने वाचावे असे नुसते म्हणून भागत नाही, त्यासाठी तिचा वेळ मोकळा करावा लागतो. आई पुस्तक घेऊन बसली तर ती "बसून राहिली" असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. रात्रीची भांडी वडिलांनी आणि मुलांनी मिळून घासली, तर आईच्या वाट्याला वीस मिनिटे येतील. घरातले प्रेम अशा कामांतूनही दिसते.

आता हिशेब करू. रोज फक्त पाच पाने वाचली तर दोनशे पानांचे पुस्तक चाळीस दिवसांत पुरे होते. म्हणजे एका उपवासकाळात एक पुस्तक आणि वर्षभरात नऊ. पाच पानांना दहा-पंधरा मिनिटे लागतात. ती जपमाळेनंतर लगेच काढता येतील, एसटीच्या प्रवासात किंवा दवाखान्यात नंबराची वाट पाहतानाही काढता येतील. मासेमारी बंद असते त्या जून-जुलैच्या पावसात तर अनेक घरांना थोडी उसंत असते. लहान मुले असतील तर त्यांना मांडीशी घेऊन मोठ्याने वाचावे. त्यांची गोष्टही होते आणि आपले वाचनही.

काय वाचावे? सुरुवात शुभवर्तमानापासून करावी. रविवारचे वाचन शनिवारी रात्री घरात एकाने वाचले, तरी मिस्सात मन अधिक लागते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' सोप्या मराठीत आहे. त्याला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. संतचरित्रे वाचावीत. कथा-कादंबऱ्याही वाचाव्यात, तो वेळ वाया जात नाही. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२४ मध्ये साहित्यवाचनाविषयी खास पत्र लिहिले. दुसऱ्याचे मन ओळखायला साहित्य शिकवते, असे त्यांनी त्यात समजावले आहे.

पुस्तके विकत घ्यायलाच हवीत असे नाही. आपल्या शहरातील जिल्हा नगर वाचनालय १८२८ साली स्थापन झाले, म्हणजे लोकमान्य टिळकांच्या जन्माच्याही आधी. पूर्वजांनी दाराशी आणून ठेवलेल्या या ठेव्याचा लाभ आपण घ्यावा. मुलांना सोबत न्यावे आणि त्यांचे पुस्तक त्यांनाच निवडू द्यावे.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या घरात मुलांना आईवडील वाचताना कधी दिसतात का?

२. दिवसातली कोणती दहा मिनिटे आपण वाचनाला देऊ शकतो? त्यासाठी घरातले कोणते काम कोण उचलील?

३. मुलाने विचारलेला आणि आपण टाळलेला प्रश्न कोणता? त्याचे उत्तर शोधायला कोण मदत करील?

या प्रश्नांवर आज जेवणानंतर सर्वांनी मिळून बोलावे, आणि उद्यापासून पाच पाने सुरू करावीत.