केळुसकर गुरुजी आणि पंचवीस रुपये

शिष्यवृत्ती मंजूर झाली म्हणजे विद्यार्थ्याचे भागले, असा समज आपल्या समाजात आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन अभ्यासले तर तो अपुरा ठरतो.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च घराला झेपेना, तेव्हा गुरुजींनीच त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत नेले व दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. गुरुजी शिक्षक होते, धनिक नव्हते. कोणते दार ठोठवावे हे त्यांना ठाऊक होते. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्याच मदतीने बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले.

मदत मध्येच थांबली तर काय होते, तेही याच चरित्रात दिसते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजातील पगारातून केलेली बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज, एवढे जमवून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. अशी जुळवाजुळव प्रत्येक मुलाला जमेल, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल.

आपल्या वाट्याला आणखी एक अडचण आली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना नाकारल्या गेल्या. राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राची मान्यता मिळण्यास १९९० साल उजाडले. आजही केंद्राच्या कामासाठी बौद्धांच्या जात प्रमाणपत्राचा नमुना वेगळा असतो. हे माहीत नसलेल्या मुलाची ऐन वेळी धावपळ होते.

आज योजना पुष्कळ आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. परंतु चिचगडच्या मुलाला तालुक्याच्या कामाला देवरी व जिल्ह्याच्या कामाला गोंदिया गाठावे लागते. एका दाखल्यासाठी दोन खेपा झाल्या की मजुरी करणाऱ्या बापाचे दोन रोज बुडतात. मग "यंदा राहू दे" म्हणतात, आणि ते 'यंदा' बहुधा कायमचे होते.

म्हणून संस्थेने गुणवंतांच्या सत्काराइतकेच महत्त्व निकालापूर्वीच्या कामाला द्यावे. दहावी-बारावीच्या मुलामुलींना डिसेंबरातच विहारात बोलवावे, नोकरीतील सभासदांनी त्यांचे दाखले तपासावेत, कोणता अभ्यासक्रम कोठे आहे व खर्च किती हे पालकांसमोर सांगावे. प्रवेशाच्या पहिल्या हप्त्यापुरती रक्कम निधीतून उसनी द्यावी. शिष्यवृत्ती जमा झाली की ती परत घेता येईल.