गोबर गॅस कोण तयार करते?



आपल्या वैजापूर भागात थंडी वाढली की गोबर गॅस कमी पडतो. भाकरी अर्धी भाजते तोच शेगडी विझते. मग आपण टाकीत जास्त शेण ढकलतो आणि गॅस आणखीच बसतो. असे का होते, ते आज पाहू.

हा गॅस आपल्याकडे नवा नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ सालीच मैल्याच्या टाक्यांवर तो धरण्याची सोय झाली होती. पण तो तयार करणारे जीव नेमके कोण, हे कळायला बराच काळ गेला. पूर्वी त्यांना जीवाणूच समजत. अमेरिकेतील कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली दाखवून दिले, की हे जीव जीवाणूंपासून अगदी वेगळ्या कुळाचे आहेत. त्या कुळाला पुढे ‘आर्किया’ हे नाव मिळाले.

खाण्यावरून त्यांचे तीन गट पडतात. पहिला गट हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन करतो. ‘मिथेनोबॅक्टेरियम’ हा त्यातला. गाईच्या पोटातही याच गटाचे भाईबंद असतात. दुसरा गट ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, फोडतो. ‘मिथेनोथ्रिक्स’ आणि ‘मिथेनोसार्सिना’ हे त्यातले. टाकीतला सुमारे दोन तृतीयांश मिथेन या वाटेने येतो. तिसरा गट मिथेनॉलसारख्या पदार्थांवर जगतो. वाटा तीन असल्या तरी शेवटची पायरी एकच. तिथले विकर निकेल धातूशिवाय चालत नाही.

आता मुख्य मुद्दा. यांना शेण थेट पचत नाही. आधी दुसरे जीवाणू शेण कुजवून आम्ल करतात, मग हे त्याचा गॅस करतात. आम्ल करणारे काही तासांत दुप्पट होतात, तर मिथेनोथ्रिक्सला त्यासाठी कित्येक दिवस लागतात. एकदम जास्त शेण टाकले की आम्ल साचते, टाकी आंबते आणि गॅस करणारेच मरगळतात. कारखान्याच्या डिस्टिलरीचा स्पेंटवॉश जिरवणाऱ्या गॅस प्लँटलाही हाच नियम लागू आहे.

म्हणून एवढे सांभाळा :

१) दोन घनमीटरच्या टाकीला रोज सुमारे ५० किलो शेण व तेवढेच पाणी पुरे. एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट टाकू नका.

२) यांना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते, १५ अंशांखाली काम जवळजवळ थांबते. थंडीत उन्हात तापलेले पाणी वापरा.

३) फिनेल, साबणाचे पाणी, कीटकनाशक टाकीत जाऊ देऊ नका. हवाही आत शिरता कामा नये, हवेने हे जीव मरतात.

४) टाकी आंबलीच, तर काही दिवस शेण बंद ठेवा आणि शेजाऱ्याच्या चालू टाकीतली रबडी विरजणासारखी घाला.

गोठ्यातल्या बैलाला झेपेल तेवढेच ओझे आपण देतो. टाकीतल्या या कामकऱ्यांनाही तोच न्याय लावा.