आधी पत्रा, मग रंग

बयो, अण्णांची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणतेस, तर आधी मनातला संकोच काढून टाक. पाहुणे म्हणतात, एवढ्या पैशात चांगली जुनी मारुती येईल. येईलही, त्यांचा हिशेब बरोबरच आहे. पण तुला हवी आहे ती हीच गाडी, आणि १९७८ पासून दारात उभ्या असलेल्या गाडीबद्दल असं वाटण्यात खुळेपणा काही नाही. पैसे मोजके आहेत, एवढीच अडचण. तेव्हा ते कुठे घालायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, याबद्दल मला जे वाटतं ते मोकळेपणानं सांगते.

तू विचारलंस, रंग कोणता द्यावा. हा प्रश्न शेवटचा आहे गं. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात शिंगं रंगवलेला, झूल घातलेला बैल बघून कोणी पैसे मोजत नाही. जाणता शेतकरी दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. पद्मिनीचंही तसंच बघायचं, आणि तिच्या बाबतीत त्याला पक्कं कारण आहे. ट्रकला खाली लोखंडाची वेगळी चासी असते आणि वर बॉडी बसवलेली असते. पद्मिनीला तशी चासी नाही. इटलीच्या फियाटनं १९५३ मध्ये जी ११०० काढली, तिच्यापासून हिची बॉडी एकसंध आहे. फ्लोअरचा पत्रा, दाराखालच्या पट्ट्या, खांब, छत, सगळं मिळून चासीचं काम करतं. दाराखालचा पत्रा गंजला की गाडीची ताकदच जाते. वर कितीही भारी रंग मार, दौंडच्या रस्त्यावर दोन खड्ड्यांत आदळली की दार बसेनासं होईल.

म्हणून पहिलं काम बिनपैशाचं. एक लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळ आणि सगळ्या बॉडीवरून फिरव. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे असं समज. मग पायपोस, रबरमॅट, खालचं नमदं सगळं काढून फ्लोअर उघडा कर आणि जुन्या पेचकसानं टोचून बघ. दारांचा खालचा काठ, बॅटरीखालची जागा, डिकीत स्टेपनीखालचा खोलगट भाग, हेडलाईटच्या मागे मडगार्डचा कोपरा आणि पुढच्या काचेचे खालचे दोन कोपरे नीट तपास. काचेचं रबर कडक झालं की पाणी तिथूनच आत शिरतं आणि पायाखाली साचतं. वरून टकाटक दिसणारी गाडी आतून कुजते ती अशी. दारांच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती चिखलानं बुजलेली असतील तर आधी मोकळी कर.

हे सगळं बघून झाल्यावरच डेंटरकडे जा. हातात जेवढी रक्कम आहे तिच्यातली निम्मी पत्र्यासाठी बाजूला काढ, असं माझं स्पष्ट मत आहे. लोक निम्मी रंगावर घालतात, म्हणून दोन पावसाळ्यांत फोड येतात. डेंटरला एवढंच सांग, की सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा, वरून फायबर आणि लांबी थापायची नाही. लांबी लागतेच, पण ती दोन-तीन मिलिमीटरच्या आत हवी. आणखी एक. दाराखालची पट्टी कापताना दारं लावलेलीच राहू देत. दारं काढून पट्टी कापली तर बॉडी वाकते आणि मग कुठलंच दार चौकटीत बसत नाही. चांगल्या कारागिराला हे सांगावं लागत नाही. सांगितल्यावर तो चिडला तर समजून जा. काम ठेक्यावर ठरव, पैसे टप्प्याटप्प्यानं दे, आणि पत्रा जोडून झाल्यावर, प्रायमर मारण्याआधी, स्वतः जाऊन बघ. प्रायमर बसला की खाली काय केलंय ते कुणालाच दिसत नाही.

पत्र्यानंतर ब्रेक, रंग नव्हे. हिला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत व्हील सिलिंडरची रबरं चिकटतात आणि गळतात. ती बदलताना ब्रेक ऑईल सांडतंच, आणि ब्रेक ऑईल रंग खातं. नव्या रंगावर चार थेंब पडले तरी तिथला रंग मऊ होऊन सुटतो. पेट्रोलच्या नळ्यांचंही तसंच, त्या जुन्या रबराच्या आहेत. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्याच श्रीगोंद्याच्या पट्ट्यातल्या उसाच्या मळीपासून इथेनॉल होतं, शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. पण जुनी रबरं त्यानं फुगतात, आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं म्हणून टाकी आतून गंजते. नळ्या नव्या घाल, कार्ब्युरेटरचं किट बदल, टाकी उतरवून धुऊन घे. यातलं काहीच दिसायला सुंदर नाही, म्हणून लोक ते मागे ढकलतात.

आता पैसे वाचवायचं बोलू. रंगकामात रंगापेक्षा मजुरी जास्त खाते, आणि मजुरीतला मोठा वाटा असतो सुटं करणं आणि घासणं. ही दोन्ही कामं तू घरी करू शकतेस. बंपर, दिवे, बीडिंग, नावाच्या पट्ट्या, हँडल काढताना प्रत्येक वस्तूचा मोबाईलवर फोटो काढ. नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घाल, पिशवीवर चिठ्ठी लाव. जुनी बीडिंग फेकू नकोस, तशी मिळायची नाही. घासायला वॉटर पेपर, आणि पाणी लावूनच घास. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासलं तर ती धूळ नाकात जाते. लेकरं आसपास नकोत. आधी जाड पेपर, मग चारशे, सहाशे, शेवटी आठशे. घाई केलीस तर आधीच्या पेपरचे ओरखडे नव्या रंगातून वर येतात. मात्र एवढं सांभाळ, की पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर बसला पाहिजे. नुसत्या साध्या प्रायमरवर गाडी पावसाळाभर उभी ठेवायची नाही. तो ओल शोषतो आणि गंज आत वाढत राहतो.

रंग मूळचाच ठेव. आरसीवर जो आहे तोच. हा बचतीतला सगळ्यात मोठा मुद्दा आहे. रंग बदलला तर दारांच्या आतल्या कडा, बॉनेटखालचा भाग, डिकीची आतली बाजू, सगळं रंगवावं लागतं, नाहीतर दार उघडलं की जुना रंग दिसतो. शिवाय आरटीओकडे अर्ज करून आरसीवर बदल नोंदवावा लागतो, विमा कंपनीला कळवावं लागतं. तुझ्या पोराला लाल रंग, काळे पट्टे, रुंद टायर हवेत, ठाऊक आहे मला. त्याला सांग, की मावशी म्हणते, मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर याच फियाट शर्यतीत धावल्या आहेत, त्यांना स्पोर्ट्स कार ठरवायला पट्टे लागत नाहीत. रुंद टायरनं स्टिअरिंग जड होतं आणि पॉवर स्टिअरिंग हिला नाही. चौदा इंचांच्या मूळ रिमा साफ करून रंगव, झकास दिसतील.

रंगाच्या जातीबद्दल मला एनसी, म्हणजे जुना लॅकर, आवडतो. त्याची चमक त्या काळाच्या गाडीला शोभते आणि ओरखडा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त होतो. पण तो घासून पॉलिश करत राहावं लागतं, आणि दमट हवेत मारला तर पांढुरका पडतो. तुझी गाडी पत्र्याच्या शेडमध्ये राहणार, रोज कोण पॉलिश करणार? तू पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, घे, टिकेल. मात्र पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याची वाफ फुप्फुसाला फार वाईट. साधा कापडी मास्क तिथे कामाचा नाही, पेंटरला कार्ट्रिजचा मास्क घालायला लाव आणि त्या दिवशी घरातलं कुणीही शेडकडे फिरकू नये. जुन्या इनॅमलवर सरळ लॅकर मारायला मात्र कुणालाही देऊ नकोस. थिनरनं खालचा थर उचलला जातो आणि सगळा रंग सुरकुततो.

वेळ दिवाळी ते महाशिवरात्र. आपल्याकडे उन्हाळ्यात वारा आणि फुफाटा इतका, की ओल्या रंगावर रवा पेरल्यासारखं होतं. हिवाळ्यात धूळ कमी, पण गाळप चालू असतं. कारखान्याची काजळी आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी उडवलेली माती धरूनच चाल. शेडला सगळीकडून प्लॅस्टिक बांध, जमिनीवर पाणी शिंपड, आणि दव ओसरल्यावर दहा-अकराच्या सुमारास फवारणी सुरू होऊ दे. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी काढलंय का ते विचार. नळीतून पाण्याचा एक थेंब आला तरी रंगात खड्डा पडतो.

क्रोमवर पैसे घालू नकोस. बंपरला बारीक टिपके राहिले तर राहू देत. सुटे भाग हवे असतील तर पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, आणि मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या पार्टची दुकानं आहेत. त्याच कुर्ल्यात ही गाडी बनायची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आपल्याकडून जवळच्या वालचंदनगरला ज्यांचं नाव आहे तेच. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाईट आली, १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी ही गाडी घराघरांत ओळखीची केली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही टॅक्सी म्हणून उरली नाही. ते वाचून मला अण्णांची आठवण आली आणि वाटलं, आपली तरी राहावी.

कागदांचं मी शेवटी सांगतेय, पण करायचे सगळ्यात आधी. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. वीस वर्षांवरच्या कारसाठी ती वाढवायची फी ऑगस्ट २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजार झाली. पर्यावरण कर वेगळा. हे बजेटमध्ये धर. कुणी म्हणेल, पन्नास वर्षं भरू दे आणि व्हिंटेज म्हणून नोंदव. २०२१ च्या नियमांनी तशी सोय आहे, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षांची. पण व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली आणि तशा कामांना. तुला ती घेऊन बाजारात जायचंय, माहेरपणाला आलेल्या मला दौंड स्टेशनवरून आणायचंय. तुझ्यासाठी साधी नोंदणीच बरी.

आणि आरसी अजून अण्णांच्या नावावर आहे. ते गेल्यावर आपण कुणीच तिकडे बघितलं नाही. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. माझी संमती आहे, गाडी तुझीच. नगरच्या आरटीओत सही करायला मी येते. तू फक्त उद्या कपाटातली आरसी शोध आणि तिची मुदत मला कळव. मुदत संपली असेल तर कर आणि दंड मिळून किती थकलंय ते कळेपर्यंत डेंटरला इसार देऊ नकोस.