वाळूत शाळा नको

मस्कतमध्ये शिकवायला आलेल्या आपल्या लोकांचं सगळं गणित शुक्रवार-शनिवारवर बसलेलं. २०१३पासून इथे सुट्टी याच दोन दिवशी. रविवारी पुन्हा शाळा. गुरुवारी दप्तर टाकल्यापासून पोरं मागे लागतात, "समुद्रावर कधी?" आणि आपण गाडीच्या डिकीत आधी काय टाकतो? तपासायच्या वह्यांचा गठ्ठा!

शिक्षकांच्या मुलांची अडचण इतरांना चटकन दिसत नाही. बरेचदा आई शिकवते त्याच शाळेत तीही असतात. मधल्या सुट्टीत आई समोरून जाते, पण बिलगायची सोय नाही. वर्गातल्या कुणाला आई रागावली, की टोमणे पोराने ऐकायचे. समुद्रावर तरी त्याला आई पुरती हवी असते हो. आपण मात्र वाळूत बसल्याबसल्या भरती-ओहोटी समजावायला लागतो. खोड आहे, जात नाही.

वर फोटोंची घाई. गावाकडे, वडगावला, घड्याळ दीड तास पुढे, आजी-आजोबा झोपायच्या आत फोटो पोचले पाहिजेत. त्यांना नातवंडं वाळली नाहीत ना, एवढंच बघायचं असतं. इतक्या लांब आलो ते बरं केलं, हे खरं तर आपल्यालाच पटवायचं असतं. म्हणून मग "नीट हस ना!"

एकदा रास अल जिन्झला जाऊन या. मस्कतहून सूरमार्गे साधारण अडीचशे किलोमीटर. हिरवी समुद्री कासवं तिथे रात्री अंडी घालायला येतात. उजेडाला बिचकतात, म्हणून रात्रीच्या फेरीत फोटोंना मनाई. बरंच आहे ते! गाईडच्या मागे अंधारात गप्प उभं राहायचं. मादी मागच्या पायांनी वाळू उपसते, शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते.

"पिल्लांना न्यायला ती परत येत नाही?" मूल विचारणारच. लगेच शास्त्र सांगू नका. इथे बस्तान बसेपर्यंत आपल्यातल्या कितीतरी जणांनी मूल आजीकडे ठेवलं होतं. तेव्हा ते काही बोललं नसेल, पण विसरलेलं नसतं. "तुला काय वाटतं?" एवढंच विचारा. उत्तर परतीच्या वाटेवर, मागच्या सीटवरून येईल. तेव्हा गाणी जरा बंद ठेवा.

तिथला समुद्र अरबीच, आपल्या अलिबागचा. हे ऐकून पोरं खूश होतात. "मग पोहत गेलो तर आजीकडे पोचू?" पोचशील, पण पुढे खंडाळ्याचा घाट चढावा लागेल!

गठ्ठा तेवढा घरी ठेवून निघा. शनिवारी रात्री तो उपसताना डोळे मिटतात, हे आहेच. रविवारी पहिल्या तासाआधी चहा जरा कडक घ्यायचा.